झाडाला ताण देऊ नये

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात तीन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीवर पाणी कमी येण्याच्या तक्रारी, दुसऱ्या खिडकीवर गढूळ पाण्याच्या, आणि तिसऱ्या खिडकीवर पाणी अजिबातच न येण्याच्या. तिसऱ्या खिडकीमागे तेहेतीस वर्षं एकच माणूस बसला. त्यामुळे आधी खात्यात, मग इमारतीत, आणि शेवटी सासुरवाडीतही त्यांना तीन नंबर म्हणू लागले.

तीन नंबर मनाचे वाईट नव्हते. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला हाकलून दिलं नाही. समोरचा माणूस रिकामी बादली आपटायचा, घसा कोरडा होईपर्यंत बोलायचा. ते शांतपणे वही उघडायचे, तारीख घालायचे, दोन ओळी लिहायचे आणि चष्म्यावरून बघून म्हणायचे, "नोंद घेतली आहे." त्यांचं काम तिथं संपायचं, पुढचं नळाचं. शंभरातल्या सत्तर तक्रारी आपोआप मिटतात असा त्यांचा अनुभव होता. पाणी येतं, नाहीतर माणूस कंटाळतो, नाहीतर घर बदलतो. उरलेले तीस पुन्हा येतात. त्यांची पुन्हा नोंद घ्यायची.

घरातही सगळं आपोआपच होत होतं. शर्टाचं बटण तुटलं की तीन नंबर ते त्याच शर्टाच्या खिशात टाकायचे, आणि दोन दिवसांत बटण आपोआप जागेवर यायचं. साबण संपायचा आणि आपोआप नवा यायचा. लेक आपोआप मोठी झाली, शिकली आणि चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. हे आपोआप ज्या बाईच्या हातून व्हायचं, ती बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी शिवणयंत्रावर बसलेली असायची. तिला सगळे मशीनकाकू म्हणत.

घराला तशा चार खिडक्या होत्या. पण स्वयंपाकघरातली जिन्यात उघडायची, न्हाणीघरातली नळांच्या जाळ्यात, आणि आतल्या खोलीतली शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर, इतकी जवळ की हात बाहेर काढला तर त्या भिंतीवरचा रंग बोटांना लागायचा. आकाश दिसायचं ते एकाच खिडकीतून. तिथं काकूंचं पायमशीन सव्वीस वर्षं उभं होतं. मशीनच्या चार पायांनी फरशीत चार खळगे पाडले होते. खिडकीच्या कट्ट्यावर खडू, बॉबिनांचा डबा आणि टाचण्या खोचलेली उशी. काकूंचा हात काळ्या कपड्यावर बसलेला होता. वकिलांचे कोट, गाउन, पदवीदानाचे झगे. "रंगीत कापड कुणीही शिवेल," त्या म्हणायच्या, "काळ्यावर काळी टीप घालायची तर उजेड लागतो."

तीन नंबर निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना झाड दिलं. याआधी सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. पण नव्या अधिकारीबाई म्हणाल्या, घरी बसणाऱ्या माणसाला घड्याळ देणं म्हणजे छळ आहे, काहीतरी जिवंत द्या. म्हणून बोन्साय. उथळ निळ्या कुंडीत, वडाच्या कुळातलं, जाड बुंध्याचं, बारीक चकचकीत पानांचं. उंची वीतभर. वय अठरा.

"अठरा वर्षांत वीतभर?" लेक म्हणाली. "बाबा, हे तुमच्या खात्यातलंच दिसतंय."

कुंडीला एक कार्ड बांधलेलं होतं. रोपवाटिकेच्या बाईंनी निळ्या शाईनं त्यावर तीन ओळी लिहिल्या होत्या: उजेडात ठेवावे. ताण देऊ नये. कात्री जपून लावावी.

तीन नंबरांनी चष्मा लावला आणि ते कार्ड परिपत्रक वाचावं तसं वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नावे असं काही आलं होतं, ज्याची फक्त नोंद घेऊन चालणार नव्हतं. कार्ड हातात धरून ते चारही खिडक्यांपाशी जाऊन आले आणि काकूंच्या मशीनसमोर उभे राहिले.

"हे जरा सरकवावं लागेल."

"काय?"

"मशीन. उजेडात ठेवावे, असं लिहिलंय. उजेड इथंच आहे."

"तो मला माहीत आहे कुठं आहे ते," काकू म्हणाल्या. "मी काय वाऱ्यासाठी बसते का इथं?"

"तू आतल्या खोलीत बस. ट्यूबलाइट आहे की. तुला काय, तू कुठंही शिवतेस."

"अहो, मी कुठंही शिवत नाही. इथं शिवते."

"हे बघ," तीन नंबरांनी कार्ड पुढे केलं, "झाडाचं लेखी आलेलं आहे. तुझं लेखी काही आहे का?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे. माणूस नुकता घरी बसलाय, चार दिवस खेळेल आणि विसरेल, असा विचार करून काकू उठल्या. मशीन आत गेलं. फरशीतले चार खळगे उघडे पडले, आणि त्यांच्या मधोमध एका उंच स्टुलावर वीतभर झाड येऊन बसलं. समोर तीन नंबरांनी आपली खुर्ची मांडली. तेहेतीस वर्षांची सवय होती. खिडकी गेली तशी दुसरी मिळाली.

दुसरी ओळ त्यांना सर्वांत चटकन कळली. मागच्याच वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबाच्या कागदावर त्यांना हेच लिहून दिलं होतं: ताण घेऊ नये. म्हणजे प्रकृती सारखीच. त्याच संध्याकाळी त्यांनी घरात नियम जाहीर केले. दार आपटायचं नाही. मिक्सर लावायचा तर स्वयंपाकघराचं दार बंद करून. फोन जिन्यात जाऊन घ्यायचा. बातम्या बंद. भांडण असेल तर आतल्या खोलीत, दबक्या आवाजात आणि थोडक्यात.

"आणि हसायचं असेल तर?" लेकीने विचारलं.

"बेताने."

दारावरच्या घंटीला त्यांनी फडकं गुंडाळलं. आता बाहेर कुणी आलं की आत फक्त एखादा भुंगा पाण्यात पडल्यासारखा आवाज व्हायचा. वर राहणाऱ्या गृहस्थांना त्यांनी चप्पल काढून चालण्याची विनंती केली. तीन नंबरांची सख्खी थोरली बहीण राहायला आली, ती मुळातच गावभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी. तिला त्यांनी ख्यालीखुशाली सांगायला जिन्यात नेलं. ती तिथल्या तिथे फिरली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

"झाडाचा एक तरी उपयोग झाला," काकू पुटपुटल्या. बेताने.

पाण्याबद्दल कार्डावर काहीच नव्हतं. पहिल्या रविवारी तीन नंबरांनी उगीच एक पेलाभर पाणी कुंडीत ओतलं. उथळ कुंडी, गच्च माती. पाणी कडेनं वाहून स्टुलावर, स्टुलावरून फरशीवर आलं. दुसऱ्या दिवशी दोन पानं गळली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "पाण्याचा ताण येतो त्याला."

"पाण्याचा?"

"मग! सवय नाही. आणि त्याने मागितलंय कुठं? तक्रार आली की बघू."

बोन्सायमधलं काकूंनाही ओ की ठो कळत नव्हतं. पण मातीत उभ्या असलेल्या वस्तूला पाणी लागतं इतपत त्यांना माहीत होतं. दुपारी तीन नंबर पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले की काकू इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेऊन बाहेरच्या खोलीत यायच्या. कापडाला हात लावून त्याचा पोत कळावा तसं त्या मातीला बोट लावून बघायच्या, नखभर आत. कोरडं लागलं की बाटलीचं झाकण काढून अगदी हळू, थांबत थांबत पाणी सोडायचं, खालच्या भोकातून थेंब येईपर्यंत. बशीत साठलेलं ओतून टाकायचं. पहिल्या आठवड्यात त्यांचंही चुकलं. रोजच पाणी घातलं तर दोन पानं पिवळी पडली. मग कुंडी उचलून वजन बघायची युक्ती त्यांना सापडली: ओली कुंडी इस्त्रीइतकी जड, कोरडी कात्रीइतकी हलकी. सगळी पानं काचेकडे तोंड करतात हे दिसल्यावर दर चार दिवसांनी त्या कुंडी पाव फेरा फिरवू लागल्या. नाहीतर एका बाजूला झोल आलेल्या कोटासारखं दिसलं असतं.

झाड खुललं. बुंध्याजवळ शेवाळाची हिरवी गादी आली. फांद्यांच्या टोकांना नखाएवढी तांबूस पानं फुटली. तीन नंबरांनी खात्यातल्या निवृत्त मंडळींना बघायला बोलावलं. सहा जण आले, पायातलं काढून, कुजबुजत, देवळात यावेत तसे.

"पाणी किती घालता?" पंपघरातून निवृत्त झालेल्या एकाने विचारलं.

"थेंब नाही."

"थेंब नाही?"

"दोन महिने झाले. फक्त शांतता. बाकी ते आपलं आपण बघतं. हवेतून ओलावा ओढतं."

सहाही जणांनी झाडाकडे नव्या आदराने पाहिलं. जन्मभर खात्याला असाच ग्राहक हवा होता.

आत मशीनवर काकूंना सगळं ऐकू येत होतं. घरात इतकी शांतता होती की न ऐकून करतात काय. त्यांना हसू आलं, आणि हसताना कळलं की आपण सुईत दोरा ओवण्याचा हा पाचवा प्रयत्न करतोय. समोर भिंत. डोक्यावर ट्यूबलाइट, जिच्या उजेडात आपल्याच हाताची सावली कापडावर पडते. चार दिवसांचा खेळ दोन महिन्यांवर गेला होता.

मध्ये एकदा कात्रीचं प्रकरण झालं. कार्डावर लिहिलं होतं, कात्री जपून लावावी. तीन नंबरांनी घरात चौकशी केली की सर्वांत जपून ठेवलेली कात्री कुठली. ती अर्थातच काकूंची होती, फ्लॅनेलच्या पिशवीत ठेवलेली कापडाची कात्री, जिने काकूंनी कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता. तिनं त्यांनी एक फांदी उडवली. वडाच्या जातीचं झाड ते, पांढरा चीक गळला. कात्री तशीच मिटून पिशवीत गेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी अस्तराच्या कापडाला कात्री लावली आणि कडेला चिकाचा ओरखडा उमटला.

"अहो, माझ्या कात्रीनं झाड कापलंत?"

"जपून लावली," तीन नंबर म्हणाले.

एवढ्यावरही काकू गप्प राहिल्या असत्या. पण मग वकीलबाईंचा कोट परत आला.

वकीलबाई गेली बारा वर्षं काकूंकडेच कोट शिवून घेत. त्या आल्या, फडक्यातल्या घंटीचा भुंगा वाजला, आणि खुर्चीवर बसून त्यांनी पिशवीतून कोट काढला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या संकोचून बोलत होत्या.

"काकू, तसं काही नाही... पण काल कोर्टात खिडकीपाशी उभी होते, तर समोरचा वकील म्हणतो, मॅडम, हा कोट काळा आहे की निळा?"

काकूंनी कोट घेतला आणि झाडाशेजारी, खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या कापडावर, दोन्ही खांद्यांवरून, कॉलरभोवती, खिशांच्या कडांनी एकसारखी सुंदर टीप गेली होती. गडद निळ्या दोऱ्याची. ट्यूबलाइटखाली दोन्ही रिळं सारखीच दिसत होती.

"उसवून देते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

"अहो, घाई नाही. फक्त माझ्या मैत्रिणीचे दोन गाउन येणार होते ना तुमच्याकडे? तिला म्हटलं, तूर्त थांब. काकूंची नजर... म्हणजे वय होतंच. तुम्ही हा दुरुस्त करा. दहा दिवसांनी, सोमवारी येते, बघते, मग तिला कळवते."

वकीलबाई गेल्या. संध्याकाळी लेक दुकानातून येताना तपासणीची भिंगांची पेटी घेऊन आली. एक डोळा झाक, दुसरा उघड, वरची ओळ, खालची ओळ.

"आई, तुझा नंबर जिथल्या तिथे आहे," ती पेटी मिटत म्हणाली. "डोळे ठीक आहेत. उजेड गेलाय."

काकू उठून बाहेरच्या खोलीत आल्या. तीन नंबर झाडासमोर बसून तांबूस पानं मोजत होते.

"अहो, मला माझी खिडकी हवी."

"हळू."

"हळूच बोलतेय. सोमवारपर्यंत तो कोट नीट झाला नाही तर माझं काळं काम गेलं. एकदा काकूंना दिसत नाही अशी बातमी झाली की कुणी येणार नाही. सव्वीस वर्षांचं काम आहे माझं."

"आवाज चढतोय तुझा. ताण येतो."

"कुणाला?"

"झाडाला."

"आणि मला?"

तीन नंबरांना या प्रश्नाचा रोख कळला नाही. त्यांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं आणि नेहमीच्या, जराही न चढलेल्या आवाजात म्हणाले, "नोंद घेतली आहे."

हे वाक्य काकू लग्नापासून ऐकत होत्या. पण आजवर त्यांनी ते विनोद म्हणूनच ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्या खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या, जिथे लोक रिकाम्या बादल्या घेऊन उभे राहतात. लोक बादली आपटतात ते का, हे त्यांना नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी इस्त्री केली आणि बाटलीत उरलेलं पाणी मोरीत ओतलं.

चार दिवसांत शेवाळ पिवळं पडलं. पाचव्या दिवशी पहिलं पान गळलं. घरातल्या त्या शांततेत त्याचा फरशीवर टिक असा आवाज झाला. सहाव्या दिवशी अकरा पानं. काकू जाता-येता बघत होत्या. झाडाचा काय दोष, असं त्यांच्या मनात यायचं. सातव्या दिवशी त्या भरलेली बाटली हातात घेऊन झाडासमोर उभ्या राहिल्या. मग आतल्या खोलीतला उसवलेला कोट त्यांना आठवला. सोमवार तीन दिवसांवर आला होता आणि ट्यूबलाइटखाली पुन्हा शिवायचा त्यांचा धीर होत नव्हता. त्या बाटली घेऊन मागे फिरल्या.

लेकीच्या ते ध्यानात आलं. "आई, तू पाणी घालायची थांबलीस?"

"मी कुठं घालत होते?" काकू म्हणाल्या. "बाबांना विचार. थेंब नाही."

तीन नंबरांनी चौकशी सुरू केली. कुणीतरी झाडाला ताण दिला होता हे उघड होतं. लेकीला त्यांनी विचारलं, मंगळवारी ती शिंकली होती का. वरच्या गृहस्थांनी चप्पल घातली होती का. काकूंचा आवाज चढला होता ही एक नोंद त्यांच्याकडे होतीच. त्यांनी घड्याळाचा सेल काढला, टिकटिक नको. आता घरात काही म्हणजे काहीच वाजत नव्हतं, फक्त पानं. शनिवारी सकाळी फांद्या जवळजवळ उघड्या झाल्या, तेव्हा त्यांनी झाड एका खोक्यात ठेवलं, भोवती वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि कार्डावरच्या पत्त्यावर निघाले.

रोपवाटिका म्हणजे पत्र्याखाली मांडलेल्या कुंड्यांच्या रांगा आणि मधून फिरणारी पाण्याची नळी. बाई गुडघ्यापर्यंत चिखलात होत्या. त्यांनी खोक्यात डोकावलं, मातीला बोट लावलं आणि भुवया वर केल्या.

"अरे देवा. याला तर ताण बसलाय."

"तेच!" तीन नंबर उसळले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "तेच मी घरी सांगतोय. पण घरातली माणसं ऐकतील तर ना. फोन काय, शिंका काय, बायको तर तोंडावर..."

"माणसांचा काय संबंध? पाणी कधी घातलंत?"

"पाणी? पाण्याचं कार्डावर काही नव्हतं."

"नव्हतं कसं? मीच लिहिते सगळी कार्डं. दोन नंबरला काय आहे?"

"ताण देऊ नये."

"मग?"

"म्हणून तर घंटीला फडकं बांधलं."

बाईंनी हातातली नळी बाजूच्या कुंडीत सोडली.

"साहेब, ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. फळबागेत बहर धरायला आम्ही ताण देतो, म्हणजे पाणी बंद ठेवतो. झाडाला ताण देऊ नये म्हणजे माती सुकू देऊ नये. एवढंच. त्याला कान नाहीत हो." त्या थांबल्या. "तुम्ही कुठल्या खात्यात होता म्हणालात?"

"पाणीपुरवठा."

बाईंना एकदम खोकला आला. त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि खोकला ओसरल्यावर वळल्या.

"बरं. किती दिवस पाणी नाही?"

"तीन महिने."

"शक्य नाही. इतक्या उथळ कुंडीत आठ-दहा दिवस म्हणजे फार झाले. कोण घालत होतं?"

"कुणी नाही. ते आपोआप..."

"आपोआप फक्त तण वाढतं, साहेब." बाईंनी नखाने बुंध्याची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. "जीव आहे. हे बघा, फांद्या चारी बाजूंना सारख्या आहेत. कुणीतरी कुंडीसुद्धा फिरवत होतं, नाहीतर सगळं एका अंगाला गेलं असतं. नीट बघणारं माणूस होतं. आठवड्यापूर्वी काय झालं?"

तीन नंबरांना तक्रारींच्या तारखा पाठ असायच्या. मागचा शुक्रवार, संध्याकाळ. तक्रारदार, पत्नी. विषय, खिडकी. शेरा, नोंद घेतली आहे.

बाईंनी अख्खी कुंडी पाण्याच्या टबात बुडवली. कोरड्या मातीतून बुडबुडे वर आले. आधी भसाभस, मग एकेक. "हे थांबेपर्यंत ठेवायचं," त्या म्हणाल्या. तीन नंबर टबाशेजारी उकिडवे बसले आणि शेवटचा बुडबुडा येईपर्यंत त्यांनी तिथून मान वर केली नाही. इतका वेळ पाण्याकडे त्यांनी तेहेतीस वर्षांत बघितलं नव्हतं.

ते घरी आले तेव्हा काकू आतल्या खोलीत कोट मांडीवर घेऊन, निळ्या दोऱ्याची शेवटची तुसं टाचणीने उपटत बसल्या होत्या. तीन नंबरांनी खोकं खाली ठेवलं. त्यांनी मशीनला एका बाजूने हात घातला आणि ओढलं. ओतीव लोखंडाचं मशीन बोटभर हललं आणि घरभर असा आवाज झाला की वरच्या गृहस्थांनी वरून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"बाबा, कंबर जाईल," दारातून येता येता लेक ओरडली. मनसोक्त ओरडली. "थांबा, मी धरते पलीकडून."

"दाराशी जरा तिरकं घ्या," काकू जागेवरून म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत.

कुरकुरत, खरडत मशीन बाहेरच्या खोलीत आलं. त्याचे पाय आपल्या खळग्यांत एकेक करून बसले. तीन नंबरांनी घाम पुसला.

"बाई म्हणाल्या," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "झाडाला अगदी काचेलगत नको. जरा बाजूला चालतं. मशीनच्या शेजारी स्टूल ठेवला तरी चालेल."

"असं म्हणाल्या?"

"साधारण."

"आणखी काय म्हणाल्या?"

"आणखी..." त्यांनी घंटीभोवतीचं फडकं सोडायला घेतलं. "आणखी विशेष काही नाही."

काकू खिडकीशी बसल्या, कट्ट्यावर दोन रिळं शेजारी शेजारी ठेवली आणि एका नजरेत काळं उचललं. दोरा पहिल्या फटक्यात सुईत गेला. मशीनची खडखड सुरू झाली. रविवारी दुपारपर्यंत कॉलर झाली, संध्याकाळी खिसे. सोमवारी वकीलबाईंनी कोट उलटा केला, सुलटा केला, खिडकीत धरला, आणि तिथूनच मैत्रिणीला फोन लावला.

झाडावर सात पानं उरली होती. ते काकूंच्या डाव्या हाताला स्टुलावर उभं होतं. त्याच्याकडे त्या बघतही नव्हत्या. मंगळवारी दुपारी तीन नंबर झोपले नाहीत. आधी ते दारात घुटमळले, मग पुढे आले आणि मशीनच्या समोर, लोक उभे राहायचे तसे, दोन्ही हात मशीनच्या फळीवर टेकून उभे राहिले.

काकूंनी पाय थांबवला नाही.

"काय हो?"

"नाही, म्हटलं..." त्यांनी घसा साफ केला. "पाणी कधीपासून नाहीये त्याला. शनिवारी बाईंनी घातलं तेवढंच. म्हटलं, पुढचं कधी..."

काकूंनी टीप कडेपर्यंत नेली, दोरा तोडला आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"नोंद घेतली आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा गाउन ओढला.

तीन नंबर उभे राहिले. दोन मिनिटं, पाच मिनिटं. त्यांच्या खिडकीसमोर माणसं याच आशेने उभी राहायची की मागचा माणूस आणखी काहीतरी बोलेल. मशीन खडखडत होतं. सहाव्या मिनिटाला काकू खाली बघूनच म्हणाल्या, "बाटली इस्त्रीशेजारी आहे. नळ तुम्हाला माहीत आहेच. आधी बोट घालून बघा, नखभर. आणि बशी ओतायला विसरू नका."

ते बाटली भरून आले. बोट पुसून मातीत घातलं, काढलं, बघितलं, पुन्हा घातलं.

"कळत नाहीये," ते म्हणाले.

"कुंडी उचलून बघा. जड लागतेय की हलकी?"

"कशाच्या मानाने?"

काकूंनी मशीन थांबवलं, उजव्या हाताने फ्लॅनेलच्या पिशवीतली कात्री काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"याच्या," त्या म्हणाल्या. "आणि कापायचं काही नाही. फक्त वजन बघायचं."